खांबाजवळचा चौथा माणूस

माणसाचं कातडं सोलताना कसं रंगवायचं, हे मी साठी ओलांडल्यावर शिकलो. त्याआधी चाळीस वर्षं चंद्रपुरात बोर्ड रंगवले. किराणा, सायकल दुकान, दवाखाना, निवडणुकीच्या भिंती. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर असं की मास्तर लोक रस्त्यात थांबून बघायचे. फुशारकी वाटेल तर वाटो, खरं आहे ते लिहितो. मग फ्लेक्स आला. मशीनवर बसलेला एक पोट्टा मला म्हणाला, "काका, तुम्ही निस्तं डिझाइन सांगत जा, बाकी मी करतो." त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

त्याच वर्षी आलापल्लीच्या वाटेवर असलेल्या एका लहानशा चर्चचे फादर मला शोधत आले. केरळातले होते. मराठी अशी बोलायचे जसा माणूस नव्या चपलेत चालतो. त्यांच्या पिशवीत एक जाड पुस्तक होतं. परदेशातल्या देवांची चित्रं, पाचसहाशे वर्षांपूर्वी फळ्यांवर काढलेली. ती त्यांना सागाच्या फळीवर, हाताने काढलेली हवी होती.

"छापलेलं लोक बघत नाहीत," ते म्हणाले. तिथेच आमचं जमलं.

पुस्तक उघडलं आणि मी विचारलं, "फादर, हे देवाचं पुस्तक हाय का खाटकाचं?" ते हसले नाहीत. एका पानावर एका संताला झाडाला बांधून बाण मारले होते, अंगभर, साळिंदरासारखे. दुसऱ्या पानावर एका बाईचे स्तन चिमट्याने तोडत होते आणि ती वर बघत होती, जशी काही कोणी तिची वेणी घालून राह्यलं. एकाला जिवंत सोलत होते. सोलणाऱ्याने सुरी दातात धरली होती, कारण त्याचे दोन्ही हात कातड्यात गुंतले होते. हे मला पटलं. ज्याने काढलं त्याने सोलणं पाहिलेलं होतं. आमच्याकडे बकरा सोलणारा सुरी अशीच धरतो.

रक्ताचं म्हणाल तर मला कोणी शिकवायची गरज नव्हती. वाघाने ओढत नेलेला गुराखी मी पाहिलेला आहे. रानडुकराने फाडलेली मांडी दोन हातांनी दाबून धरलेली आहे. रक्त फार वेळ लाल राहत नाही. आधी लाल, मग गेरूसारखं, मग काळं. पुस्तकात मात्र ते लालच होतं. मीही लालच काढलं. नक्कल म्हणजे नक्कल, तिच्यात आपलं शहाणपण घालायचं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

काम बोर्डासारखंच. फळीवर सरस आणि खडूची भुकटी चार वेळा चढवायची, घासून गुळगुळीत करायची. गेरूत बुडवलेलं सूत ताणून सोडायचं, आडवं-उभं, की खाने पडतात. पुस्तकातल्या चित्रावर पातळ कागद ठेवून त्यावरही तेवढेच खाने. मग या खान्यातली रेघ त्या खान्यात. तुम्ही डोळा काढत नाही, नाक काढत नाही, एका खान्यातली वाकडी रेघ तेवढी काढता. म्हणून हात कापत नाही.

फादर म्हणाले, जुने लोक रंग अंड्याच्या बलकात कालवायचे. मीही कालवला. घरात मी आणि बाई, दोघंच. आमच्यात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बाई चुलीपाशून ओरडली, "सारे अंडे देवाले चोपडले, आता तुह्या ताटात का ब्रश वाढू?" आणि दोन दिवसांनी मुंग्यांनी एका संताचा अर्धा गाल नेला, तेव्हा ती पोट दुखेपर्यंत हसली. "पाय, मुंग्यायले कळते कोणतं खावाचं ते!" त्यानंतर मी माझ्या नेहमीच्या तेलाच्या रंगांवर आलो.

बाईच्या तोंडात पुढचे चार दात नाहीत. त्यामुळे तिचे शब्द हवेत विरतात, नवख्याला कळत नाहीत. ते दात पडलेले नाहीत, पाडलेले आहेत.

आमचं मूळ गाव त्या चर्चपासून दोन-अडीच कोसांवर. बाई विधवा झाल्यावर तिथेच राहायची, एकटी, धानाच्या एका बांधीवर, शेताच्या एवढ्याशा तुकड्यावर, पोट भरत. जडीबुटी ओळखायची, लेकरांचं पोट चोळून द्यायची. एका वर्षी गावात लागोपाठ दोन लेकरं तापाने गेली. बाहेरगावच्या एका पुजाऱ्याने पाटावर तांदूळ टाकून सांगितलं की करणी आहे आणि करणारी बाई एकटी राहते. तेवढं पुरलं. भर दुपारी तिला केसांची झोंटी धरून आणलं, चौकातल्या खांबाला बांधलं, बेशरमाच्या झुडपाच्या ओल्या काड्यांनी मारलं. काड्या मोडल्या तेव्हा सायकलची चेन आणली. डावा हात कोपरातून मोडला. मग दगडाने दात पाडले. दात असले की मंत्र म्हणता येतो, दात गेले की मंत्र सांडतो, अशी समजूत. सगळं गाव उभं होतं.

मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ती सरकारी दवाखान्यात होती आणि तिचा जबडा बांधलेला होता. बाहेरच्या ओट्यावर आमचा एक चुलतभाऊ बसला होता. तो घाबरत घाबरत म्हणाला, "चौघं पुढं होते, दादा." त्याने चार नावं सांगितली. चौथ्याच्या हातात कुऱ्हाड होती, खांबाशी वाकला होता, इतकं दाराच्या फटीतून पाहिलं आणि मग दार लावून घेतलं, म्हणाला. पोलिसांत केस झाली, पण कोणी काही पाहिलेलं नव्हतं. केस बारगळली. बाईला मी चंद्रपूरला आणलं. तिने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही नाही. चार नावं मात्र माझ्या छातीत चार खिळ्यांसारखी होती.

तर फादरांनी पुढचं पान उघडलं आणि त्यात खांब होता. खांबाला येशू बांधलेला, अंग वळांनी भरलेलं. दोघे चाबकाने मारतात, एक काड्यांची जुडी उगारून उभा, आणि चौथा खाली गुडघ्यावर बसून दोर आवळतो. मारणाऱ्यांचे जोडे लाल, टोप्या रंगीत.

"हे कपडे येशूच्या काळातले नाहीत," फादर म्हणाले. "चित्रकाराच्या स्वतःच्या गावातले आहेत. तो आपल्या गावातलेच लोक उभे करायचा."

मी म्हटलं, "आमच्याकडे बी तसंच." आणि खोटं नव्हतं ते. नाटकाच्या पडद्यावर राक्षस काढायचा तर त्याला तोंड गावातल्या एखाद्या नामचीन माणसाचं द्यायचं, ही झाडीपट्टीतली जुनी रीत. लोक ओळखतात, शिट्ट्या मारतात, आणि ज्याचं तोंड तो दुसऱ्या दिवशी पेंटरला चहा पाजतो. राग धरायचा नाही.

त्या फळीवर मी चार महिने घालवले. कपडे, खांब, दोर, सगळं खान्याखान्याने पुस्तकाप्रमाणे. चार तोंडं मात्र खाने न मारता काढली. पहिला मिशीवाला, त्याची गावात आता मोठी पत आहे. दुसरा पोट सुटलेला. तिसरा एका डोळ्याने तिरळा. आणि चौथा, दोर आवळणारा, त्याचं तोंड तर झोपेतही काढता आलं असतं. मोहफुलं वेचताना अस्वलाने त्याचा उजवा कान आणि निम्मा गाल फाडला होता. ती जुनी जखम गालावर कशी गोळा झाली आहे, कानाची उरलेली पाकळी कशी लोंबते, हे मी इतकं हुबेहूब काढलं की रंग ओला असताना मलाच त्याचा द्वेष वाटे. बाईला ती फळी मी दाखवली नाही. चादर टाकून ठेवायचो.

चर्चच्या सणाला जेवण असतं, तेव्हा आसपासची सगळी गावं येतात, देव कोणाचा का असेना. भात, मटण, पत्रावळी. मीही गेलो. फादरांनी फळीवरचा कपडा काढला. मग मागून एकजण तिरळ्याला म्हणाला, "अबे, हा तर तू हाय!"

"मी कायचा बे, तुहा बाप हाय तो."

"पोट पाय पोट! बुढ्यानं पोट बरोबर धरलं."

हशा झाला. मला वाटलं होतं त्यांच्या माना खाली जातील. मिशीवाल्याने फळीजवळ उभं राहून मोबाइलवर फोटो काढून घेतला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, मिशा लय भारी जमल्या. पण मी एवढा काया हाय का गा?" त्याने माझ्या खांद्यावर हातही ठेवला. चार महिने मी ज्याची वाट पाहिली ते हे होतं.

फाटक्या कानाचा तेवढा हसला नाही. तो फळीकडे पाहत राहिला, मग पाठ करून बाहेर गेला. मी मनात म्हटलं, पळाला. एकाला तरी लागलं.

तो पळाला नव्हता. जंगलात जाणारे लोक आपल्या कुऱ्हाडी चर्चच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवतात, चपला ठेवतात तशा. तो कुऱ्हाड घेऊन आला. पहिला घाव फळीच्या मधोमध, दुसरा त्याच्या स्वतःच्या चित्रातल्या तोंडावर. साग तो, कण्हल्यासारखा चिरला. मी फळीवर आडवा पडलो. तिसरा घाव उलटा होता, दांड्याकडचा, तो माझ्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, कळ नंतर आली.

मग लोक त्याच्यावर पडले. सगळ्यांत आधी कोण धावलं असेल? मिशीवाला, पोटवाला आणि तिरळा. "फादरच्या देवाले मारते का बे!" म्हणत त्यांनी त्याला लाथांनी तुडवलं. भाताच्या पातेल्याचा झारा त्याच्या डोक्यात घातला. फादर मधे पडले, त्यांचा पांढरा झगा रक्ताने भरला. तो खाली पडल्या पडल्या मला ओरडून सांगत होता, "इचार! तुह्या बाईले इचार, मी कोण होतो!" मार खाणारा माणूस काहीही बडबडतो, असं मला वाटलं. ठाण्यात जाऊन मी तक्रार दिली. फादर म्हणाले, माफ करा. मी म्हटलं, माफी तुमचा धंदा. चाळीस वर्षं अक्षरावर जगलेल्या माणसाने त्या कागदावर अंगठा उठवला, कारण बोटं वळत नव्हती.

चिरलेली फळी चादरीत गुंडाळून बसच्या टपावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. बाईने आधी माझा हात पाहिला, मग चादर. मी नको म्हणेपर्यंत तिने गाठ सोडली होती.

ती फळीपुढे उकिडवी बसली. मग चांगल्या हाताचं बोट एकेका तोंडावर ठेवत गेली. "हा. हाव. आन् हा बी." चौथ्या तोंडातून कुऱ्हाडीची फट गेली होती, पण कान ओळखू येत होता. तिथे बोट थांबलं.

"हा काऊन?"

"तोच तं होता ना. कुऱ्हाड घेऊन."

"कोणं सांगतलं?"

मी चुलतभावाचं नाव घेतलं. बाई म्हणाली, "कुऱ्हाड होती ना. दोर कायनं कापते मंग, दातानं?"

मी चित्रातल्या दोराकडे पाहिलं.

"त्यानं कापला दोर," ती म्हणाली. "सारे पायत होते. हा एकटा आला. मिशीवाला त्याले म्हणे, तुलेच बांधतो आता. त्यानं कुऱ्हाड उगारली तवा सरकले. मले खांद्यावर घेतलं, रोडवर ट्रॅक्टर थांबवला. माह्या तोंडातलं रक्त त्याच्या पाठीवर गयत होतं."

"तू मले सांगतलं नाई बाई."

"तू इचारलं?"

इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं. त्या दुपारी ती खांबाला होती तेव्हा मी पेट्रोल पंपाच्या बोर्डावरच्या अक्षरांना सावली देत होतो, आणि ती सावली सुरेख पडली म्हणून स्वतःवर खूश होतो. चुलतभावाची चार नावं त्याहून सोपी होती.

"तो कुठी हाय आता?" बाईने विचारलं.

"आत."

"आत मंजे?"

"ठाण्यात. मी तक्रार देली."

बाई उठली आणि तिने चांगल्या हाताने माझ्या कानशिलात वाजवली. साठी उलटलेल्या माणसाला. मी लहानपणीही तिच्या हातचा मार खाल्ला आहे, पण इतका जोरात नाही. म्हणाली, "सकाळची पयली गाडी धर. मले बी ने."

ठाण्यातल्या साहेबाने आधी झापलं, मग कागद काढला. बाईने जबाब दिला, मी तिचे शब्द साफ करून सांगत गेलो. फाटक्या कानाचा बाहेर आला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद होता. बाईला पाहून तो खाली बसला, तिच्या पायांना हात लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "तक्रार मांग घेतली."

"कागद मिटला," तो म्हणाला. "गाव? पोरगी डबा घेऊन आली तवा सांगत होती, ते तिघं कालपासून सांगून राह्यले का दोर यानंच बांधला, पेंटरले बी मालूम हाय. माह्या पोरीले विहिरीवर म्हणतात, तुह्या बापानं बांधलं होतं बुढीले. नव्या सुनायले, पोट्ट्यायले का मालूम?"

"मंग का करू?"

"तिथी सांग. खांबाजवळ. साऱ्यायपुढं."

मी तोवर कोणापुढे चूक कबूल केलेली नव्हती. बोर्डावरचं अक्षर चुकलं तर मी गिऱ्हाइकाला पटवायचो की असंच लिहितात. वाटेत बसमध्ये मी दोनदा बाईला म्हटलं, फादरला सांगायला लावू, ते चांगलं बोलतात. तिने खिडकीकडून तोंड फिरवलं नाही.

गावात त्या दिवशी बाजार होता. बाई इतक्या वर्षांनी त्या चौकात उतरली आणि सरळ खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिला पाहूनच अर्धा बाजार गप्प झाला. आमच्याबरोबर आलेल्या फाटक्या कानाच्या माणसाकडे बोट दाखवून मी मोठ्याने म्हटलं, "मी चित्र काढलं त्यात चूक झाली. या मानसानं दोर बांधला नाई, कापला. मी इथी नव्हतो, ऐकीव काढलं. चूक माही हाय."

मिशीवाला पानटपरीवर होता. हसत पुढे आला. "बरं झालं काका. आता आमचे बी थोबाडं पुसून टाकशीन ना?"

बाई काहीतरी बोलली. कोणाला कळलं नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी तिचं बोलणं मोठ्याने सांगितलं, "बाई म्हणते, तुमचे राहू दे. ते बरोबर हायेत."

दगड कुठून आला ते दिसलं नाही. माझ्या भुवईवर बसला. मी खांबाला धरलं म्हणून पडलो नाही. बाई थांबली नाही, पुढचं वाक्य बोलली. मग मीही थांबलो नाही. तिने तिघांची नावं घेतली, मी घेतली. कोणी झोंटी धरली, कोणी चेन आणली, कोणी दगड उचलून म्हटलं की बुढीचं तोंड उघडून धरा. ती एक वाक्य बोलायची आणि श्वास घ्यायची, मी ते वाक्य ओरडायचो. डोळ्यात रक्त उतरत होतं, एका डोळ्याने बाजार लाल दिसत होता. दुसरा दगड माझ्या पाठीत बसला. मिशीवाला धावून आला तेव्हा कांदे विकणारी एक म्हातारी आडवी झाली, मग दुसरी एक. त्या बाया त्या दिवशीही इथेच उभ्या असतील. मी विचारलं नाही. फाटक्या कानाचा घरून आणलेली दुसरी कुऱ्हाड खाली टेकवून उभा होता, उचलली नाही. सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाली, "चाल आता," तेवढं मात्र सगळ्यांना कळलं.

त्या तिघांचं पुढे काय व्हायचं ते होईल. साहेबाने बाईला पुन्हा बोलावलं आहे, दोन बाया साक्षीला तयार आहेत असं ऐकतो.

माझी दोन बोटं वाकडी जुळली. ब्रश धरता येतो, पण बारीक रेघ डाव्या हाताने मारावी लागते. फळी मी सरसाने जोडली, दाबून बांधली, फट बुजवली. चौथा माणूस खरवडून काढला, गुडघ्यांसकट, आणि तिथे वर्ख लावला. बाईला विचारलं होतं, त्याला दोर कापताना काढू का. ती म्हणाली, "राहू दे गा त्याले. लोकायच्या तोंडाले हात लावाची तुले लय हौस." तेव्हापासून विचारूनच काढतो. चित्रात आता दोर खाली येतो आणि तिथे कोणीच नाही. फादर पुस्तक उघडून म्हणतात, मूळ चित्रात चार आहेत, नक्कल चुकली. चुकली तर चुकली. फळी त्यांनी अजून लावली नाही, कोठीत उभी आहे.

फाटक्या कानाचा माझ्याशी बोलत नाही. मी दोनदा त्याच्या दारावरून गेलो, दोन्ही वेळा त्याने दार लोटलं. मोहाच्या दिवसांत तो बाईसाठी टोपलीभर वाळलेली फुलं पाठवतो, आणि आणणाऱ्याला बजावतो, बुढीच्या हातात दे, बुढ्याच्या नाई.